खांड कोणी बुजवायची?

माझ्या नावावर अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात अडतीस गुंठे भातशेती आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पीक म्हणून भात लिहिलेले आहे. प्रत्यक्षात तिथे गेली वीसेक वर्षे भाताची एक लोंबी आलेली नाही. तिथे तिवर उभे आहेत, माझ्या दुप्पट उंचीचे. त्यांच्या श्वासमुळांनी सगळे शेत खिळे ठोकल्यासारखे दिसते, आणि भरतीला गुडघाभर पाणी येते. खाडीकडच्या बांधाला एका उधाणात खांड पडली ती वेळेत बुजवली गेली नाही, एवढीच या स्थित्यंतराची गोष्ट. मी त्यासाठी एका कचेरीत गेलो तेव्हा मला दुसऱ्या कचेरीचा पत्ता मिळाला. दुसरीत गेलो, तिथे सांगितले की आता ती जमीन शेतीची राहिलेली नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. उभी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली. पण त्या दुसऱ्या कचेरीतून परतताना एक प्रश्न डोक्यात घट्ट बसला. माझ्या आजोबांच्या वेळीही खांडी पडत होत्या. तेव्हा त्या कोण बुजवत होते, आणि कोणत्या नियमाने? जिल्ह्याची जुनी गॅझेटियर, महसुली कायदे आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी चाळत मी या प्रश्नाचा पाठपुरावा करत राहिलो. आज विद्यापीठांत ‘किनारपट्टी व्यवस्थापन’ या नावाचे अभ्यासक्रम आहेत, त्यात भरती-ओहोटीपासून कायद्यापर्यंत सगळे शिकवतात. त्या विषयाचे एक जुने, देशी प्रकरण आपल्या खारेपाटात लिहिले गेले होते, असे मला या शोधात दिसले. त्याची काही पाने इथे उलगडतो.

दोन भरत्यांच्या मध्ये

खारेपाट म्हणजे खाडीकाठचा खाऱ्या मातीचा सपाट पट्टा. अलिबाग आणि पेण तालुक्यांत, धरमतरच्या खाडीला मिळणाऱ्या पाण्याच्या आजूबाजूला, तो मैलोन्‌मैल पसरला आहे. बाहेरच्या माणसाला तिथे नुसती सपाटी दिसते. ही बरीचशी जमीन निसर्गाने दिलेली नाही. ती माणसांनी समुद्राकडून उठवून घेतली आहे. मोठ्या भरतीची रेषा तिच्या पृष्ठभागापेक्षा उंच असते. मधे उभा असतो तो फक्त चिखलमातीचा बांध.

या बांधाचे शास्त्र साधे वाटते, पण बारीक आहे. समुद्राकडचा बाहेरचा बांध रुंद बुडाचा, उतरत्या कुशीचा. त्याच्या पुढ्यात तिवर आणि चिप्पीची झाडे राखायची, म्हणजे लाटेचा जोर बांधावर आदळण्याआधीच मोडतो. आत शेतांचे लहान बांध. आणि बाहेरच्या बांधात, जिथे जुना ओहोळ खाडीला मिळतो तिथे, उघाडी. उघाडीला लाकडी झडप असते. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने ती बंद होते. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याचा दाब तिला बाहेर ढकलतो आणि पाणी निघून जाते. दिवसातून दोनदा, कोणी हात न लावता.

पाऊस हा या शेतीचा खरा धोबी. उन्हाळ्यात जमीन तापली की खालचे क्षार वर चढतात आणि पांढरी साय धरते. जून-जुलैचा पाऊस ते क्षार विरघळवतो आणि उघाडीतून ते खाडीत परत जातात. मग चिखलात मोड आलेले भात फेकायचे, त्याला रहू म्हणतात. लावणीची वाट पाहत बसले तर खाऱ्या जमिनीतला मोजका गोडा काळ निघून जातो. बियाणेही तसेच निवडलेले, खारटपणा सोसणारे. काळा रता, भुरा रता ही नावे म्हाताऱ्यांना अजून आठवतात. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारी माती सोसणारे सुधारित वाण काढले. पण या मातीत कोणता दाणा तगतो हे हेरून, निवडून, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्याचे काम त्याच्या किती तरी आधीपासून घराघरांत चालू होते.

आणि वेळेचे गणित? आमच्या आजीला घड्याळ कळत नव्हते, भरती कळत होती. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते. त्यातला ओहोटीचा काळच दुरुस्तीला मिळतो. या साडेबारा तासांवर खारेपाटाचा सगळा कारभार उभा होता, असे मी म्हणेन. पहिल्या भरतीला पडलेली हातभर खांड दुसऱ्या भरतीपूर्वी बुजवली तर दहा टोपल्या चिखलात काम भागते. तीच आठवडाभर राहिली तर पाणी आत-बाहेर धावून तिचा ओहोळ करते, आणि मग शंभर माणसे पुरत नाहीत. एकदा खारे पाणी बसले की जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे द्यावे लागतात.

शिलोत्री आणि जोळ

ही खांड बुजवणार कोण, याचे उत्तर जुन्या व्यवस्थेने आधीच ठरवून ठेवलेले होते. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८३ साली निघालेल्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरमध्ये ‘शिलोत्री’ नावाच्या हक्काची नोंद आहे. खार उठवायला भांडवल लागे, माणसे लागत, आणि पहिली काही वर्षे हाती काही लागत नसे. म्हणून राज्यकर्ते अशा जमिनीसाठी कौल देत, साऱ्यात सूट देत आणि पुढे तो पायरीपायरीने वाढवत. मराठेशाहीत या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. आंग्रे यांच्या अमलातही ही उठवणी चालू होती. १८४० साली कुलाबा संस्थान कंपनी सरकारने खालसा केले, तेव्हा हा सगळा जुना हिशेब नव्या सरकारच्या दप्तरात आला.

शिलोत्री म्हणजे बाहेरच्या बांधाचा जबाबदार धनी. समुद्राकडचा बांध त्याने राखायचा, आणि त्याबद्दल आतल्या जमिनींकडून ठरलेले धान्य घ्यायचे. त्या धान्याला शिलोत्री मण असेच नाव होते. आतले बांध मात्र शेतकऱ्यांनी मिळून राखायचे. त्या एकत्र श्रमाला जोळ म्हणत. घरटी माणूस द्यायचा, खांड पडली की हाक आली तसा निघायचा, आणि आला नाही त्याचा हिशेब गावात व्हायचा. माझे आजोबा सांगत की आषाढातल्या उधाणाच्या रात्री बांधावरून ‘खांड पडली’ अशी आरोळी आली की जेवणाच्या ताटावरून लोक उठत. कोणाच्या शेताजवळ पडली हे कोणी विचारत नसे. पाणी एकाच्या शेतात शिरले की ते सगळ्यांच्या शेतात शिरणार, हे शिकवायला शाळा लागत नव्हती.

इथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, ज्याला फायदा त्याच्यावर दुरुस्तीचे ओझे, हे तत्त्व. दुसरे, निर्णय घेणारा बांधापासून हाकेच्या अंतरावर. अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक आणि मंजुरी हे सगळे एका ओहोटीत उरकत असे.

चरीचा संप

पण मी या व्यवस्थेची आरती ओवाळायला बसलेलो नाही. ज्याच्या हाती बांध, त्याच्या हाती धान्य, आणि ज्याच्या हाती धान्य त्याच्या हाती माणूस, असाही तिचा अर्थ होता. कुलाबा जिल्ह्यात खोत आणि सावकार यांच्या जाचाखाली कुळे पिचत होती. जमीन समुद्रातून उपसणाऱ्या हातांचे नाव दप्तरात नव्हते. खार उठली तेव्हा खाडीवर जगणाऱ्या कोळ्यांचे पाणी आणि मासळीची जागा आक्रसली, त्याचा मोबदलाही कोणी मोजला नाही.

या जाचाचा स्फोट खारेपाटातच झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सभा झाली आणि खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय झाला. पंचवीस गावांनी तो पाळला, एक-दोन हंगाम नव्हे, तब्बल १९३९पर्यंत. डिसेंबर १९३४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. पुढे १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९च्या कुळकायद्यामागे या संपाचे बळ होते.

म्हणून पुढे जे कायदे झाले ते हवेच होते. १९४८चा कुळकायदा, १९४९चा खोती निर्मूलन कायदा, आणि १९५५चा, खास कुलाबा जिल्ह्यातले शिलोत्री हक्क रद्द करणारा कायदा. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ जमिनीचे मालक ठरले. माझे आजोबाही त्यातलेच. आज माझ्या हाती जो सातबारा आहे तो या लढ्याचेच देणे आहे, याचा मला विसर पडू नये.

हक्क गेला, काम राहिले

मात्र हक्क रद्द करताना त्या हक्काला बांधलेले काम कोणाच्या पदरात टाकायचे, हा प्रश्न राहतो. सरकारने त्याचे उत्तर दिले नाही असे नाही. १९४८ सालीच मुंबई खार जमीन कायदा झाला. खारीच्या विकासासाठी मंडळ आले आणि बांधांच्या योजना आखल्या गेल्या. १९७९ साली महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा आला. आज हे काम जलसंपदा विभागाच्या खारभूमी शाखेकडे आहे. सरकारने बांधलेले बांध आजोबांच्या बांधांपेक्षा उंच आणि पक्के होते, त्यांना दगडी पिचिंग होते, उघाड्या काँक्रीटच्या झाल्या. ज्या गावांना एका मोठ्या बांधाचा खर्च कधीच झेपला नसता, त्यांना तो मिळाला.

चूक, मला वाटते, वेगळ्या ठिकाणी झाली. बांध ही एकदा बांधून संपणारी वस्तू आहे असे धरले गेले. खारेपाटात बांधापेक्षा दुरुस्ती मोठी. सरकारी कामाचे वर्ष एप्रिल ते मार्च असते, बांधाचे वर्ष उधाण ते उधाण. ज्येष्ठात पडलेल्या खांडीचे अंदाजपत्रक कार्तिकात मंजूर झाले, तर तोवर पाच अमावास्या आणि पाच पौर्णिमा आत येऊन गेलेल्या असतात. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष मी काढत नाही. त्याच्या हाती जी पद्धत दिली, तिच्यात ओहोटीचा तास बसतच नव्हता.

आणि गावही बदलले. बांध सरकारचा झाल्यावर जोळ कोणासाठी करायचा? माणसे मुंबईला गेली, जिल्ह्यात कारखाने आले तिथे लागली. वाटण्या होऊन जमिनीचे गुंठे झाले. अडतीस गुंठ्यांच्या एका पिकासाठी पगार बुडवून चिखल उपसायला कोण येणार? मी स्वतः गेलो नाही. ज्या उधाणात आमची खांड पडली, तेव्हा मी कचेरीत खतावणी जुळवत होतो. घरी फोन आला, तेव्हा ‘अर्ज करा’ असे मीच म्हणालो होतो. खांड कोणी बुजवायची हा प्रश्न मी पुढे दोन कचेऱ्यांत विचारला, पण पहिल्यांदा तो मला विचारला गेला होता.

गोव्याची साक्ष

हे फक्त आमच्याकडेच घडले का, ते पाहण्यासाठी मी कोकणाच्याच दक्षिण टोकाकडे वळलो. गोव्यात मांडवी आणि जुवारी यांच्या काठी अशाच उठवलेल्या जमिनी आहेत. तिथे त्यांना खाजन म्हणतात आणि उघाडीला मानस. तिथला धनी एक माणूस नव्हता, गावकरी ही सामूहिक संस्था होती. पोर्तुगीज आले तेव्हा ती नांदती होती. १५२६ साली आफोंसो मेशिया याने गावकरीच्या रूढी लेखी नोंदवल्या, तो दस्तऐवज ‘फोराल’ म्हणून ओळखला जातो. पुढे पोर्तुगीज अमलात या संस्थेला कोमुनिदाद हे नाव मिळाले. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होई आणि त्यातून उत्पन्न मिळे. पावसाळ्यात भात, मानशीत मासळी, काही ठिकाणी उन्हाळ्यात मिठागर, असे एकाच जमिनीवर हंगामाप्रमाणे वेगवेगळे पीक.

मुक्तीनंतर १९६४ साली कूळकायदा आला. बांध राखण्याचे काम कूळ संघटनांकडे गेले. हेतू तोच, न्यायाचा. पण कालांतराने भातापेक्षा मानशीतली मासळी महाग झाली. मानस उघडी राहिली तर मासळी जास्त आणि भाताचे नुकसान, असा हितसंबंधांचा झगडा उभा राहिला. बांध फुटण्याच्या आणि मुद्दाम फोडले जाण्याच्या तक्रारी वाढल्या. म्हणजे मालकी एकाची असो वा समूहाची, बांध राखण्यातला फायदा आणि बांध राखण्याचे कष्ट यांची फारकत झाली की पाणी आत येतेच, अशी ही साक्ष.

गोव्याच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. २०११च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा नावानिशी उल्लेख झाला. त्यांचे नकाशे करावेत, त्यांच्यासाठी व्यवस्थापन आराखडा करावा, असे त्यात म्हटले गेले. खाजन ही माणसाने घडवलेली, पण जपण्याजोगी परिसंस्था आहे, ही मान्यता त्यातून मिळाली.

तिवरांचे राज्य

आता माझ्या अडतीस गुंठ्यांतल्या तिवरांकडे परत येतो. किनाऱ्याच्या रक्षणाची कायदेशीर वाट १९८१पासून सुरू होते. त्या वर्षी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा राखण्यास सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. मुंबई परिसरात भराव घालून कांदळवने बुजवण्याचा सपाटा चालला होता. त्याविरुद्धच्या जनहित याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीला बंदी केली. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचे कांदळवन २०१३ साली १८६ चौरस किलोमीटर होते, २०२१ साली ते ३२४ झाले. या वाढीत नोंदी अधिक अचूक झाल्याचा भाग आहेच. पण खांड पडलेल्या शेतांत गाळ बसून उगवलेले तिवर मी माझ्या डोळ्यांनी वाढताना पाहिले आहेत.

या बंदीच्या मी विरुद्ध नाही. कांदळवन लाटेचा जोर खाते, गाळ धरून ठेवते, मासळीच्या पिलांना आसरा देते, कार्बन चिखलात गाडून ठेवते. बाहेरच्या बांधापुढे तिवर राखायचे हे तर आमच्या पूर्वजांचेच शहाणपण. पण त्यांच्या नकाशात तिवर बांधाच्या बाहेर आणि भात आत होते. आज उपग्रहाच्या छायाचित्रात हिरवा ठिपका दिसतो. तो जंगल वाढून झाला की बांध फुटून, हे त्या ठिपक्यावर लिहिलेले नसते. परिणामी दुरुस्तीअभावी ज्याची जमीन गेली, त्याला आता ती परत मिळवणेही गुन्हा ठरू शकते. सातबारा त्याच्या नावावर, जमीन खाडीच्या ताब्यात, झाडे कायद्याच्या. नुकसानभरपाई मागावी तर कोणी घेतलेलीच नाही, तर देणार कोण?

पुढचे दिवस सोपे नाहीत. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८पासून समुद्रपातळीची नोंद ठेवली जात आहे, देशातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. जगभरच्या अशा नोंदी एकत्र पाहून शास्त्रज्ञ सांगतात की १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरने चढली, आणि चढण्याचा वेग वाढतो आहे. वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. खारेपाटात बांध आणि उधाण यांच्यात अंतर राहते ते हात-दीड हात. त्यातली वीत गेली, हा हिशेब मला हिशेबनीस म्हणून कळतो.

तेव्हा सगळ्याच खांडी बुजवाव्यात, असे आता म्हणता येणार नाही. काही ठिकाणी समुद्राला जागा द्यावीच लागेल. पण ती कुठे द्यायची आणि कुठे नाही, हे आज विचार करून ठरत नाही, दुर्लक्षातून ठरते. गावागणिक बसून ठरवता येईल की हा बांध राखायचा, याची दुरुस्ती गावाने करायची, त्यासाठी पैसा आधीच गावाच्या हाती ठेवायचा आणि हिशेब नंतर घ्यायचा. आणि त्या बांधामागची जमीन सोडायची, तिथले कांदळवन राखायचे, मात्र ज्याची ती जमीन आहे त्याला त्या राखणीचा मोबदला द्यायचा. नव्या जोळाला खोत नको, शिलोत्री नको. पण ‘खांड पडली’ ही आरोळी ऐकून ओहोटी संपायच्या आत निघण्याचा अधिकार कोणाला तरी हवा.

गेल्या भाद्रपदात मी शेतावर गेलो होतो. आमच्या शेजारच्या एका घराने गेली पंचवीस वर्षे आपला बांध स्वतःच राखला आहे. घरातले दोन भाऊ नोकरीला आहेत, पण उधाणाच्या दिवशी एक जण रजा टाकतो. त्यांच्या कोपऱ्यातल्या तळ्यात जिताडे वाढतात, आणि बांधाच्या आत भात पोटरीला आले होते. बांधाच्या या बाजूला त्यांचे भात, त्या बाजूला माझे तिवर. मी बांधावर उभा असताना धाकटा भाऊ घमेले घेऊन आला, एका खेकड्याच्या बिळात चिखल दाबला, पायाने तुडवला आणि म्हणाला, “काका, अमावास्या परवा आहे.” एवढे बोलून तो पुढच्या बिळाकडे गेला.